परवाना कोणाच्या रक्षणासाठीं?

मालवणच्या धक्क्यावर सुटीच्या दिवसांत सकाळीं घटकाभर उभें राहावें, म्हणजे या शहराचा सारा संसार डोळ्यांपुढें येतो. किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्यांसाठीं परगांवच्या मंडळींची रांग लागलेली असते. दांडीच्या किनाऱ्यावर रापणीचा दोर ओढणारे हात एका तालांत मागें सरत असतात. पाण्याखालचें जग पाहावयास निघालेले पाहुणे रबरी पोशाख अंगावर चढवीत असतात. आणि बांगड्याच्या पाट्या घेऊन बायका बाजाराच्या वाटेनें लगबगीनें चाललेल्या असतात. होडीवाला, खलाशी, पाणबुड्या, मासे विकणारी, खानावळ चालविणारी, रिक्षावाला या सर्वांचे धंदे निराळे. पण त्यांच्या बोलण्यांत एक शब्द मात्र हटकून येतो. तो शब्द 'लायसन'. कोणाजवळ तें आहे, कोणाचें अडलें आहे, कोणाची मुदत सरली आहे, आणि कोण त्यावांचूनच धंदा रेटीत आहे, ही चर्चा चहाच्या प्रत्येक टेबलावर ऐकूं येते. ज्या शब्दावर इतक्या चुली अवलंबून आहेत, त्याचा शांतपणें विचार करण्याचें आज आम्हीं योजिलें आहे.

आरंभींच एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. परवाना ही वस्तुच वाईट, ती मुळासकट उपटून टाकावी, असें म्हणणारांपैकीं आम्ही नाहीं. ता. २४ मे २०२२ रोजीं तारकर्लीच्या समुद्रांत पर्यटकांना घेऊन परतणारी होडी उलटली आणि दोघांचे प्राण गेले. ज्या किनाऱ्यानें तो दिवस पाहिला, त्या किनाऱ्यावर उभें राहून 'ज्याला वाटेल त्यानें होडी हाकावी आणि ज्याला वाटेल त्यानें तींत बसावें' असें म्हणण्यास जीभ धजणार नाहीं. पाहुणा समुद्र ओळखीत नाहीं. होडीचा तळ धड आहे कीं कुजला आहे, इंजिन मध्येंच दगा देईल कीं काय, हवेच्या टाकीची तपासणी केव्हां झाली, हें कळण्याचा मार्ग त्याला नाहीं. आणि चूक झालीच तर ती पुढच्या खेपेस सुधारण्याची संधि त्याला मिळत नाहीं. अशा ठिकाणीं सरकारनें मध्यें पडलेंच पाहिजे. आमचा प्रश्न याच्या पुढचा आहे. परवाना कशासाठीं, कोणासाठीं आणि किती? तो प्रवाशाच्या जिवाचें रक्षण करतो, समुद्राचें रक्षण करतो, कीं जो आधींच आंत येऊन बसला आहे त्याच्या गल्ल्याचें रक्षण करतो? तिन्ही कामें एकाच कागदावर, एकाच शिक्क्याखालीं चालतात, म्हणूनच त्यांतला भेद आमच्या लक्षांत येत नाहीं.

राज्यघटनेच्या १९ व्या कलमानें प्रत्येक नागरिकास आपल्या पसंतीचा धंदा करण्याचा हक्क दिला आहे. लोकहितासाठीं त्या हक्कावर वाजवी बंधनें घालण्याची, आणि धंद्याला लागणारी पात्रता ठरविण्याची मुभाही त्याच कलमानें सरकारला दिली आहे. म्हणजे हक्क हा नियम आणि बंधन हा अपवाद. आणि अपवादाचें समर्थन करण्याचा भार बंधन घालणाऱ्यावर. व्यवहारांत मात्र हा क्रम उलटा झालेला दिसतो. परवानगी मिळेपर्यंत धंदा नाहीं, आणि परवानगी कां नाहीं हें विचारण्याची सोय गरिबाला नाहीं.

समजा, देवबागचा एक विशीचा तरुण आहे. बाप रापणीवर, आजा रापणीवर. कर्लीच्या मुखाशीं भरती-ओहोटीचा प्रवाह कोणत्या घटकेला कसा फिरतो, हें त्याला शाळेंतल्या पाढ्यांच्या आधीं आलें. मासळी पूर्वीसारखी लागत नाहीं, म्हणून तो पाहुण्यांना पाण्याखालीं नेण्याच्या धंद्यांत उतरूं पाहतो. तेथें पॅडी या परदेशी संस्थेच्या पायरीपायरीच्या प्रमाणपत्रांना मान आहे. तारकर्लीस महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची पाणबुडीचें शिक्षण देणारी संस्था आहे, ही कोंकणाची मोठीच सोय होय. पण मार्गदर्शकाच्या पायरीपर्यंत चढण्याचा खर्च रापणकराच्या घराला सहज पेलणारा नव्हे, आणि शिक्षणाचीं पुस्तकें बहुतेक परक्या भाषेंत. स्वतःची होडी घ्यावी, तर तिची नोंदणी, तपासणी आणि विमा. ती प्रवाशांना घेऊन हाकावी, तर त्या कामाचा निराळा दाखला. धंदा म्हणून नांव लावावें, तर सन २०२१ च्या साहसी पर्यटनाच्या धोरणाखालीं आणखी एक नोंदणी. यांतील एकेक अट सुटी घेतली तर तींत वावगें कांहीं नाहीं. पण साऱ्या अटींची मोळी एकदम डोक्यावर ठेवली, म्हणजे ज्याच्या घरीं भांडवल आहे तोच ती उचलूं शकतो.

मग त्या तरुणापुढें तीन वाटा राहतात. पहिली मुंबईची. कोंकणानें आपलीं मुलें मुंबईस पाठवावीं आणि मनिऑर्डरीची वाट पाहावी, ही रीत आमच्या आज्या-पणज्यांपासून चालत आलेली आहे. चाकरमानी गणपतीला येतो, आणि गांव त्याच्या परतीच्या गाडीकडे पाहत राहतो. दुसरी वाट अशी कीं, ज्याच्याजवळ कागद आहेत त्याच्याकडे रोजावर राहावें. येथें कागद एकाचा, कसब दुसऱ्याचें, आणि नफा कागदाचा. तिसरी वाट कागदावांचून धंदा करण्याची. आणि ती तिघांत सर्वांत वाईट. कारण जो नोंदीबाहेर गेला, तो तपासणीच्या बाहेर गेला, विम्याच्या बाहेर गेला, आणि अपघात झाला असतां मदतीला हांक मारण्यासही कचरूं लागला. प्रवाशाच्या रक्षणासाठीं घातलेली अट जर इतकी उंच असेल कीं तिच्यामुळें अर्धा धंदा अंधारांत जावा, तर त्या अटीनें प्रवाशाचें रक्षण केलें असें कोणत्या तोंडानें म्हणावें?

व्यापारी वाचकांस यांतील हिशेब समजावून सांगण्याची गरज नाहीं. विकणारे मोजके झाले म्हणजे भाव चढतो. हें जितकें तांदळाला लागू आहे तितकेंच होडीच्या खेपेलाही. आंत असणाऱ्याची मिळकत वाढते, बाहेर राहिलेल्याची मजुरी पडते, कारण बाहेरचे सारे हात उरलेल्या दोनचार धंद्यांत गर्दी करतात. सेवा घेणारापैकीं ज्याच्या खिशांत पैसे आहेत तो वाढीव दर देतो. ज्याच्या खिशांत नाहींत तो किनाऱ्यावरूनच परत जातो, किंवा स्वस्त म्हणून नोंदीबाहेरच्या होडींत चढतो. अमेरिकेसारख्या, मोकळ्या व्यापाराचा डांगोरा पिटणाऱ्या देशांतही हाच अनुभव आला. १९५० नंतरच्या दशकांत तेथें परवाना लागणाऱ्या कामकऱ्यांचें प्रमाण जवळजवळ पांचपट वाढलें, आणि आज चारांतील एकाहून अधिक कामकऱ्यांस कोणता ना कोणता परवाना लागतो, असें तेथील अध्यक्षांच्या कार्यालयानें २०१५ सालच्या अहवालांत नमूद केलें. परवानाधारकांची कमाई तशाच लायकीच्या इतरांहून सुमारें १० ते १५ टक्के अधिक; सेवांचे भाव ३ ते १६ टक्के चढे; आणि सेवेचा दर्जा किंवा सुरक्षितता त्या मानानें वाढली, असा पुरावा मात्र बहुतेक अभ्यासांत सांपडला नाहीं, असा त्या अहवालाचा निष्कर्ष आहे. लुइझियाना संस्थानांत तर फुलांचे गुच्छ बांधून विकण्यासही परवाना लागत असे. मोगऱ्याचा गजरा ओवणाऱ्या आमच्या बायका हें ऐकून काय म्हणतील, तें सांगावयास नकोच.

परंतु दूरच्या देशाकडे बोट दाखवून आपण सुटूं शकत नाहीं. या भूमीवरील सर्वांत जुनी परवानापद्धति म्हणजे जात. तिला कचेरी नव्हती, शिक्का नव्हता. पण कोणीं कोणता धंदा करावा हें ती जन्माच्या घटकेलाच ठरवून टाकीत असे, आणि तिचा दंड बहिष्काराचा असे. तिचे कैवारी तेव्हां हेंच म्हणत कीं, यामुळें कसब टिकतें, दर्जा राहतो, धंद्यांत बजबजपुरी माजत नाहीं. आजच्या परवान्याचे कैवारी याहून फारसें निराळें बोलत नाहींत. जन्माचा परवाना मोडण्यासाठीं महाराष्ट्रांतील सुधारकांच्या दोनतीन पिढ्या खर्चीं पडल्या. त्या रिकाम्या झालेल्या जागीं पैशाचा परवाना आणून बसवणें ही त्यांच्या श्रमाची शोभा नव्हे.

परकी सरकारनें याच किनाऱ्यावर परवान्याचा उपयोग कसा केला, तेंही विसरून चालणार नाहीं. सन १८७८ च्या मुंबई आबकारी कायद्यानें माडाची ताडी काढण्यास परवाना लागूं लागला आणि झाडावर कर बसला. पिढ्यान्‌पिढ्या माडावर चढणारा भंडारी आपल्या परसांतल्या झाडाला हात लावण्यासाठीं सरकारच्या तोंडाकडे पाहूं लागला. आणि ज्याच्या अंगीं कसब होतें त्याच्यापेक्षां ज्याच्या हातीं मक्ता होता तो मोठा झाला. सन १८८२ च्या कायद्यानें मिठाचीही तीच गत केली. समुद्र दारांत, ऊन डोक्यावर, आणि मीठ करणें हा गुन्हा! सन १९३० च्या मे महिन्यांत शिरोड्याच्या आगरावर लोकांनीं मूठभर मीठ उचलून लाठ्या खाल्ल्या, त्या मिठाच्या मूठभर किमतीसाठीं नव्हेत. आपल्या हातांनीं आपल्या किनाऱ्यावर श्रम करण्यास परक्याची परवानगी कां लागावी, हा त्यांचा प्रश्न होता. राज्य आपलें झालें. त्यामुळें प्रश्नाचें उत्तर बदलेल, पण प्रश्न विचारण्याचा हक्क संपत नाहीं.

स्वराज्यांतील दोन उदाहरणें या उत्तराकडे बोट दाखवितात. मालमोटार किंवा प्रवासी गाडी चालविण्याचा परवाना मिळविण्यासाठीं आठवी उत्तीर्ण असण्याची अट १९८९ सालच्या मध्यवर्ती नियमांत होती. गाडी उत्तम हाकणारा, पण शाळा लहानपणीं सुटलेला माणूस या अटीनें धंद्याबाहेर राहिला. सन २०१९ मध्यें केंद्र सरकारनें ही अट काढून टाकली, आणि चालविण्याच्या शिक्षणावर व परीक्षेवर भर देण्याचें ठरविलें. अट गेली, परीक्षा राहिली. हाच खरा न्याय. दुसरें उदाहरण रिक्षाचें. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत १९९७ पासून नव्या रिक्षांचे परवाने बंद होते. याचा परिणाम असा झाला कीं, परवान्यालाच बाजारभाव आला. कागदाचा मालक एक आणि दिवसभर राबणारा दुसरा, अशी जोडी सर्रास दिसूं लागली. २०१७ सालीं ही बंदी उठली. त्यानंतर रिक्षा वाढल्या, जुन्या चालकांनीं मिळकत घटल्याची तक्रार केली, आणि ती तक्रार खोटी नव्हती. सुधारणेची किंमत कोणाला तरी मोजावी लागतेच. ती लपवून सुधारणेचा कैवार घेणें आम्हांस मान्य नाहीं. परंतु परवाना विकत घेण्यासाठीं ज्यानें कर्ज काढलें आणि जन्मभर तें फेडलें, त्याचें दुःखही याच हिशेबांत मांडलें पाहिजे.

आतां मालवणच्या बाबतींत या विचाराचा उपयोग कसा करावयाचा? आमच्या मतें परवान्याच्या नांवाखालीं तीन निरनिराळ्या गोष्टी चालतात, आणि त्यांची गल्लत हेंच साऱ्या घोटाळ्याचें मूळ आहे. पहिली, साऱ्यांच्या मालकीची वस्तु अपुरी आहे म्हणून घातलेली संख्येची मर्यादा. दुसरी, दुसऱ्याच्या जिवाला धोका आहे म्हणून घेतलेली कसबाची परीक्षा. तिसरी, कोण काय धंदा करतो हें ठाऊक असावें म्हणून ठेवलेली साधी नोंद. पहिलीला मर्यादा लागते, दुसरीला परीक्षा लागते, तिसरीला केवळ वही लागते. ज्याला वही पुरते त्याला परीक्षा, आणि ज्याला परीक्षा पुरते त्याला संख्येची मर्यादा लावणें, हा जुलूम होय.

मासेमारी ही पहिल्या वर्गांतली. ज्या १९८१ सालीं रत्नागिरींतून सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला, त्याच सालीं महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा झाला. समुद्रांतील मासळी कोणा एकाची नाहीं, म्हणूनच ती सर्वांची संपते. तारल्याचा थवा किनाऱ्याला लागण्याआधींच पर्ससीनच्या जाळ्यानें गोळा केला, तर रापणीचा दोर ओढणाऱ्या शंभर हातांना वाळूच ओढावी लागते. म्हणून सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ता. ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशानें पर्ससीनच्या परवान्यांची संख्या टप्प्याटप्प्यानें १८२ पर्यंत खालीं आणण्याचें आणि त्या जाळ्यास सप्टेंबर ते डिसेंबर एवढाच हंगाम देण्याचें ठरलें, तें योग्यच झालें. प्रखर विजेचे दिवे लावून मासळी ओढण्यावर नोव्हेंबर २०१७ मध्यें केंद्रानें बंदी घातली, तीही योग्य. २०२१ सालीं राज्याच्या कायद्यांत दुरुस्ती होऊन दंड वाढले, तेंही ठीक. येथें आमची तक्रार परवाना फार आहे अशी नसून पहारा थोडा आहे अशी आहे. ज्या परवान्याच्या मागें गस्त नाहीं, तो कायदा पाळणाऱ्याचे हात बांधतो आणि मोडणाऱ्याला समुद्र मोकळा करून देतो. प्रामाणिक माणसाला इतकी महाग पडणारी दुसरी वस्तु नाहीं.

होडीवाला आणि पाणबुड्या यांची गोष्ट मात्र दुसऱ्या वर्गांतली. तेथें प्रश्न कसबाचा आहे, संख्येचा नव्हे. सिंधुदुर्गाच्या भोंवतालच्या पाण्याखालच्या खडकांतून वाट काढणें हें येथील तांडेलाचें पिढीजात ज्ञान. २५ नोव्हेंबर १६६४ रोजीं कुरटे बेटावर किल्ल्याचा पाया पडला, तेव्हां दगड वाहणाऱ्या गलबतांच्या तांडेलांची परीक्षा या पाण्यानेंच घेतली असेल. आजच्या तांडेलाची परीक्षा घेऊं नये असें आम्ही म्हणत नाहीं. उलट कसून घ्यावी. पण ती होडीवर घ्यावी, धक्क्यावर घ्यावी, मराठींत घ्यावी. बुडत्या माणसाला वर कसें काढावें, श्वास कसा चालू करावा, किती माणसें चढवावीं आणि किती उतरवावीं, छाती-जाकीट नाकारणाऱ्या पाहुण्यास 'नाहीं' कसें म्हणावें, वाऱ्यानें रंग बदलला असतां पैशाचा मोह सोडून होडी परत कशी फिरवावी, या गोष्टींची परीक्षा झाली म्हणजे जिवाचें रक्षण झालें. निबंध लिहितां येतो कीं नाहीं, हें पाहून झालें नाहीं.

यावर दोन आक्षेप निघतील. कोणी म्हणेल, दरवाजा उघडला तर होड्या फार होतील, आणि पोवळ्यांचीं रानें तुडवलीं जातील. हा आक्षेप खरा आहे. सन १९८७ मध्यें येथें २९.१२ चौरस किलोमीटरचें सागरी अभयारण्य जाहीर झालें, तें उगाच नव्हे. पाण्याखालचें हें धन एकदां गेलें तर मालवणला पाहुणा कशाला येईल? परंतु याचें औषध मार्गदर्शकांची संख्या बांधणें हें नसून, एका जागीं एका दिवसांत किती माणसें उतरावीं हें बांधणें होय. मर्यादा खडकाला लावावी, माणसाच्या पोटाला लावूं नये. आणि जेथें संख्या बांधणें अटळच असेल, तेथें तो हक्क ठराविक मुदतीचा असावा, वारशानें जाणारा किंवा विकतां येणारा नसावा, आणि वांटप चिठ्ठ्या टाकून उघड्यावर व्हावें. दुसरा आक्षेप याहून नाजूक आहे. दरवाजा उघडला तर बाहेरचे येतील, आणि मालवणचा मुलगा मालवणांतच उपरा होईल, अशी भीति पुष्कळांच्या मनांत आहे. आमचें उत्तर असें कीं, परीक्षा जर या समुद्राची घेतली, पुस्तकाची नव्हे, तर येथें वाढलेला मुलगा तींत आपोआप पुढें राहील. खरा उपरेपणा आजच्या पद्धतींत आहे. कारण तींत भांडवल घेऊन आलेला परगांवचा मनुष्य मालक होतो आणि समुद्र जाणणारा मुलगा त्याच्या होडीवर दोर धरतो. जन्मदाखल्याची भिंत बांधून आपण जर दुसऱ्याला अडविलें, तर मुंबईंत आपल्या चाकरमान्याला कोणीं अडवूं नये असें म्हणण्याचें तोंड आपणांस राहणार नाहीं.

तिसऱ्या वर्गांत, म्हणजे नुसत्या वहीच्या वर्गांत, आमच्या पुष्कळ भगिनींचे धंदे येतात. घरीं खाजें करून विकणारी, कोकमाचें आगळ बाटल्यांत भरणारी, दोन खोल्या झाडून पाहुण्यांना जेवू घालणारी बाई ही मालवणच्या नव्या व्यापाराचा कणा आहे. सन २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें लहानाला साधी नोंदणी आणि मोठ्याला परवाना, अशी पायरी घातली आहे. ही दृष्टि शहाणपणाची असून ती इतर धंद्यांतही यावी. पण नोंदणी साधी असली तरी ती करून देणारा दलाल साधा नसतो. संगणकावरचा अर्ज इंग्रजींत, संकेतशब्द दुसऱ्याच्या खिशांत, आणि मुदत संपल्याची खबर दंडाच्या वेळीं, असा अनुभव जिला येतो, तिच्या दृष्टीनें कायदा कितीही सौम्य असला तरी वाट काट्यांचीच. सरकारी फी थोडी आणि मधल्या माणसाची फी फार, हें आमच्या परवानापद्धतीचें सर्वांत जुनें दुखणें आहे.

तेव्हां आम्ही सरकारापुढें, नगरपरिषदेपुढें आणि धंद्यांच्या मंडळांपुढें चार सूचना ठेवतों. पहिली, होडी हाकणाऱ्याची व पाण्याखालीं नेणाऱ्याची परीक्षा पावसाळ्याच्या बंद दिवसांत, किल्ल्याची वाहतूक थांबलेली असतां, मालवणांतच व मराठींत व्हावी. पुस्तकी भाग तोंडी देण्याची सोय असावी, आणि प्रत्यक्ष भाग समुद्र परवानगी देईल त्या दिवशीं घ्यावा. दुसरी, ज्यानें वर्षानुवर्षें हें काम केलें आहे त्याला पहिल्या इयत्तेपासून सुरुवात करावयास लावूं नये. २०१५ पासून चाललेल्या पंतप्रधान कौशल्य विकास योजनेंत अनुभवानें आलेल्या कसबाची चांचणी घेऊन दाखला देण्याची तरतूद आहे, तिचा उपयोग तांडेल, खलाशी आणि पाणबुड्या यांच्यासाठीं व्हावा, व फी हप्त्यानें घ्यावी. तिसरी, एका होडीचे सारे कागद एका खिडकीवर, ठराविक दिवसांत मिळावेत. मुदतींत नकाराचें लेखी कारण न आल्यास अर्जदारास पुढील तपासणीपर्यंत तात्पुरती नोंद मिळावी, मात्र होडीची प्रत्यक्ष तपासणी झाल्यावांचून प्रवासी चढवूं नयेत. चौथी, कागदाची तपासणी कमी करून किनाऱ्यावरची तपासणी वाढवावी. वर्षांतून एकदां फाइल पाहण्यापेक्षां हंगामांत आठवड्यास एकदां न सांगतां येऊन जाकिटें मोजलीं, तर अधिक जीव वांचतील.

आमच्या शहरांतील व्यापारी बंधूंस शेवटीं दोन शब्द. परवान्याची भिंत तुमच्या धंद्याचें रक्षण करते असें ज्यांस वाटतें, त्यांनीं आपल्या वहीकडे एकदां पाहावें. देवबागचा मुलगा मुंबईस गेला, तर त्याची किराण्याची उधारी, त्याच्या लग्नाचें कापड, त्याच्या घराचा चिरा आणि त्याच्या मुलाची पाटी हीं सारीं मुंबईच्या दुकानांत जातात. तो येथें राहिला तर मालवणची बाजारपेठ पावसाळ्यांतही जागी राहते. आणि ज्यांच्या हातीं आज परवाना आहे, त्या होडीवाल्यांसही आमचें हेंच सांगणें: उद्यां तुमचाच मुलगा दुसऱ्या एखाद्या धंद्याच्या दाराशीं उभा राहील. त्या दारावरच्या माणसानें त्याचें कसब पाहावें कीं त्याचा कागद पाहावा, याचा निकाल तुम्ही आज आपल्या दाराशीं लावीत आहां. नव्या हंगामाच्या होड्या पाण्यांत जाण्यापूर्वीं ही चर्चा धक्क्यावर, पेठेंत आणि सभेंत व्हावी, आणि परीक्षेचें पहिलें केंद्र मालवणांत उघडावें, एवढीच आमची मागणी आहे.